खिडकी कधी उघडायची : घरातल्या हवेविषयीच्या एका पुस्तकाची प्रस्तावना

नाशिकच्या हवेचं कौतुक नाशिककरांनी सुरू केलं नाही, ते बाहेरून आलं. मुंबईचा दमट उकाडा आणि गिरण्यांचा धूर चुकवायला पारशी आणि गुजराती कुटुंबं देवळालीच्या सॅनेटोरियममध्ये येऊन राहत. डॉक्टर औषधासोबत हवापालट सुचवत आणि मग नाशिक रोडची तिकिटं काढली जात. ती ख्याती इथल्या माणसाच्या अंगात इतकी मुरली आहे की आजही पंचवटीत हवेचा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "आमच्याकडे काय दिल्ली आहे का?" दिल्ली नाही, हे खरंच. पण केंद्र सरकारनं जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा बाहेरच्या हवेची मानकं वर्षानुवर्षं न पाळता आलेल्या शहरांच्या यादीत नाशिकही होतं. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा सतत मोजणारं एक केंद्र तर पंचवटीतच, हिरावाडीत आहे.

हे पुस्तक त्या केंद्राविषयी नाही. त्या केंद्राची नळी जिथे पोचत नाही, त्या जागांविषयी आहे : स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीघर, बाळंतिणीची खोली, आणि रात्री दारं-खिडक्या लावून चौघं झोपतात ती बेडरूम. लेखक मंडळी पंचवटीतच राहतात. जुन्या वाड्यांत त्यांचं बालपण गेलं आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅटमध्ये त्यांचा संसार चालला आहे. म्हणून या पुस्तकात विषय आणि वस्ती वेगळ्या काढता येत नाहीत, आणि मला ते पसंत आहे. घरातल्या हवेवरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत, हीटरच्या घरांत लिहिली गेली. त्यांतला सल्ला जसाच्या तसा उचलला तर पंचवटीत निम्मा फुकट जातो आणि उरलेल्यातला काही अंगाशी येतो.

बाहेर इतकी वाहनं, इतकी धुराडी असताना घरातल्या एका उदबत्तीची काय चिंता करायची, हा प्रश्न नवख्या वाचकाला पडणारच. त्याचं उत्तर कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकानं दिलं. ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत आणि 2020 मध्ये वारले. 1980 च्या सुमारास ते गुजरातच्या खेड्यांत गेले, चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर छोटे मापक लावले आणि त्या खरोखर किती धूर ओढतात ते मोजलं. तोवर धूर मोजायचा म्हणजे कारखान्याच्या धुराड्याशी मोजायचा, अशीच रीत होती. स्मिथ यांचा पुढे रूढ झालेला ढोबळ नियम असा : घरात सोडलेला धूर कुणाच्या तरी छातीत जाण्याची शक्यता मोकळ्यावर सोडलेल्या तेवढ्याच धुराच्या सुमारे हजारपट असते. किती धूर निघाला यापेक्षा तो कुठे आणि कुणाच्या नाकाजवळ निघाला याला महत्त्व आहे. हा नियम एकदा पटला की महामार्गावरचा ट्रक आणि उशाशी जळणारी कॉइल यांची तुलना वेगळीच होते.

या विषयाचा इतिहास पुस्तकात ठिकठिकाणी विखुरला आहे, तो इथे जरा सलग सांगतो.

आधुनिक मोजणीची सुरुवात म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांच्यापासून धरतात. माणसांनी भरलेल्या खोलीची हवा कोंदट झाली हे नाकाला कळतं, पण ते आकड्यात कसं सांगायचं? 1858 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड ही खूण सुचवली. हवेच्या दहा लाख भागांत तो हजारावर गेला, तर खोलीत ताजी हवा पुरेशी येत नाही असं समजावं. एवढ्या प्रमाणात तो वायू स्वतः विषारी नसतो. इतरांनी सोडलेला श्वास आपण किती प्रमाणात पुन्हा घेतो आहोत, याची तो साक्ष देतो. हा हिशेब घरीही करता येतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा. झोपलेली दोन माणसं मिळून तासाला साधारण 25 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोलीला एकही फट नाही असं धरलं तर दर तासाला दहा लाखांत सातशेहून अधिक भागांची भर पडते. बाहेरच्या हवेतच आज चारशेवर भाग असतात. म्हणजे पेटेनकोफर यांची रेघ पहिल्या तासातच ओलांडली जाते. प्रत्यक्षात फटी असतात म्हणून निभावतं. ज्या घरानं एसीसाठी फटी बुजवल्या, तिथे तेवढंही निभावत नाही.

त्याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात पहिलंच प्रकरण खेळत्या हवेला दिलं. ही मंडळी पहिल्या, म्हणजे आरोग्यवादी घराण्याची. हवा आणि उजेड आत आला की रोग बाहेर जाईल, ही त्यांची श्रद्धा. आपल्याकडे हे घराणं प्लेगबरोबर आलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. बीआयटी चाळी ही त्याचीच खूण. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांच्या हवा-उजेडावर व्याख्यान दिलं आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. भूमितीतून बाहेर काढला तर तो नियम सोपा आहे : समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. पंचवटीत वाडे पाडून उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतींच्या मधल्या बोळात उभं राहून ऑरसाहेबांचा कोन आठवून पाहावा. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात.

या घराण्याला एक काळी बाजूही होती. घरात हवा आहे की नाही हे तपासायला सरकार घरात शिरलं तर काय होतं, ते प्लेग अधिकारी रँडच्या पुण्यानं 1897 मध्ये पाहिलं. तेव्हापासून आपल्या मनात स्वच्छतेचा उपदेश आणि वरून आलेला हुकूम यांची गाठ बसली, ती अजून पुरती सुटलेली नाही. हे पुस्तक हुकमाच्या सुरात बोलत नाही, त्याचं कारण मला यात दिसतं.

दुसरं घराणं चुलीचं, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधींच्या ग्रामोद्योग संघानं बिनधुराची मगन चूल घडवली. हैदराबादचे एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. 1980 च्या दशकात केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, कोट्यवधी चुली वाटल्याचे आकडे लागले आणि 2002 मध्ये तो बंद झाला. बसवलेल्या चुलींपैकी बऱ्याच काही दिवसांत मोडल्या किंवा कोपऱ्यात गेल्या. कारणं प्रयोगशाळेत सापडणारी नव्हती : धुराड्यात काजळी साचायची, कौलातून पाणी गळायचं, भाकरीला जाळ लागायचा नाही. चूल घडवणारा त्या चुलीवर कधी भाकरी भाजत नव्हता, हे याचं मूळ. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेनं हे ओळखलं. उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा आणि घरगुती बायोगॅस या कामांसाठी तिला 2002 आणि 2006 मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी ते काम पुढे नेलं. त्यांचं लेखन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या पुस्तकाआधी ते वाचलं तरी हरकत नाही.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर घरोघरी पोचू लागला. तरी 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं देशात सुमारे 59 टक्केच निघाली. घरातल्या धुरामुळे 2020 मध्ये जगभर सुमारे 32 लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पंचवटीत चूल आता हौसेच्या भाकरीसाठी किंवा बांधकामावरच्या मजुरांच्या झोपडीत दिसते. पेठ रस्त्यानं पुढे आदिवासी पाड्यांकडे निघालं की ती पुन्हा भेटते.

तिसरं घराणं रसायनवाल्यांचं. 1973 च्या तेलटंचाईनंतर पाश्चात्त्य देशांनी इंधन वाचवायला इमारती घट्ट बंद केल्या आणि आतल्या माणसांची डोकी दुखू लागली. 1980 च्या दशकात अमेरिकेत लान्स वॉलेस यांच्या पाहणीत दिसलं की अनेक घातक बाष्पांचा संपर्क रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनाही बाहेरून कमी आणि घरातूनच जास्त होतो : रंग, गोंद, फवारे, धुलाईची द्रव्यं. 2018 मध्ये ऑस्टिनमध्ये शास्त्रज्ञांनी एका घरात उपकरणं मांडून खरोखरचा स्वयंपाक आणि साफसफाई केली, तेव्हा सणाच्या एका दिवसाच्या रांधण्यानं त्या घराची हवा वाईट हवेच्या शहरांच्या पंक्तीला जाऊन बसली. त्यांनी टर्की भाजली होती. लाल मिरचीची फोडणी त्यांनी घातलेली नाही, ते मोजमाप आपल्याकडच्या कुणीतरी करायला हवं. फोडणीचा ठसका शेजारच्या खोलीतल्या माणसाला लागतो, यातच हवा घरभर कशी फिरते त्याचा पुरावा आहे. गॅस आला म्हणजे धूर गेला हे अर्धसत्य आहे. सिलिंडरच्या निळ्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तापल्या तेलातून सूक्ष्म कण. नव्या प्लायवुडच्या फर्निचरमधून महिनोन्महिने फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. नव्या फ्लॅटची वास्तुशांत बहुधा त्याच ताज्या फर्निचरमध्ये, होमाच्या धुरासह, खिडक्या बंद ठेवून होते.

चौथं घराणं गाळणीवाल्यांचं, आणि बाजार त्यांच्या बाजूनं उभा आहे. हेपा गाळणी मूळची 1940 च्या दशकातली, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातून निघालेली. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण ती अडवते. दावा खरा आहे, पण तो कणांपुरता. वास, बाष्पं, कार्बन डायऑक्साइड ती अडवत नाही, आणि खोलीच्या मानानं यंत्र लहान असेल तर कणही पुरते गाळले जात नाहीत. आपल्या त्याच 34 घनमीटरच्या खोलीची हवा तासातून पाचदा गाळायची तर यंत्रानं तासाला 170 घनमीटर हवा ओढली पाहिजे. दुकानात हा आकडा विचारावा. सुगंध कोणता येतो हे विचारू नये. झाडांचंही तसंच. 1989 मध्ये नासाच्या बिल वुल्व्हर्टन यांनी लहानशा बंद पेटीत कुंड्या ठेवून प्रयोग केला आणि तेव्हापासून मनी प्लँटला हवा शुद्ध करणारं झाड म्हणून बढती मिळाली. 2019 च्या एका आढाव्यात हिशेब मांडला गेला : खऱ्या घरात साध्या खेळत्या हवेची बरोबरी करायला चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार कुंड्या लागतील. पाच वडांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत हे लिहायला जड जातं. झाडं लावावीत, पण अंगणात आणि रस्त्याकडेला.

कोविडनं आरोग्यवाद्यांना पुन्हा सिंहासनावर बसवलं. माणसांनी भरलेल्या खोलीत हवा पुरेशी खेळते का, हा दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न परत आला. 2020 मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी साध्या पंख्याला चार-पाच गाळण्या चिकटपट्टीनं जोडून स्वस्त यंत्र कसं होतं ते दाखवलं. आपल्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन ते एका दुपारी बनवील. राहता राहिला रेडॉन : या किरणोत्सारी वायूवर परदेशी पुस्तकांत मोठाली प्रकरणं असतात. आपला काळा बेसाल्ट युरेनियमच्या बाबतीत कंजूष आहे, त्यामुळे लेखकांनी त्याला एक पान दिलं, तेवढं पुरे.

या चारही घराण्यांच्या आधीपासून आपल्याकडे एक घराणं आहे, आणि पंचवटीत ते सर्वांत बळकट आहे : धुपाचं. काश्यपसंहितेत धूपावर स्वतंत्र अध्याय आहे. बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी आणि धुरी देणं हे इथल्या घरांत आजही चालतं. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची, दार लोटून घ्यायचं आणि बाळाला धुरावरून फिरवायचं. आजीच्या हातात हे काम असलं की कुणी बोलत नाही. मला इथे लेखकांची बाजू पूर्णपणे घ्यायची आहे. ज्या काळात खोलीत पिसवा, ढेकूण, डास होते आणि दुसरा उपाय हाताशी नव्हता, तेव्हा खोलीला धूप देण्यात शहाणपण होतं. खोलीला आणि बाळाला यांत मात्र फरक आहे. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, मोठ्या माणसाच्या तिप्पट. बंद खोलीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, त्याला वास नसतो. धुरी द्यायचीच असेल तर रिकाम्या खोलीला द्यावी, मग दार-खिडकी उघडून धूर जाऊ द्यावा आणि नंतर बाळाला आणावं. बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या तर मुळीच ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी नॅप्थलीनच्या वासानंही फुटतात आणि कावीळ चढते.

देवघराबद्दल पुस्तक मवाळ आहे, माझ्या मते जरा जास्तच. रामकुंडापासून काळारामापर्यंतच्या गल्ल्यांत धूप, कापूर, उदबत्ती हा उपजीविकेचाही भाग आहे, हे मान्य. पण लेखक उदबत्ती खिडकीशी लावा एवढं सांगून थांबतात. सकाळ-संध्याकाळ चार-चार उदबत्त्या जाळणाऱ्या, दोन खोल्यांच्या, दम्याचं पोर असलेल्या घराला एवढं सांगून भागत नाही. फूल वाहिलं, समई लावली, तरी पूजा होते, हे स्पष्ट म्हणायला हवं होतं.

डासांच्या कॉइलबद्दल मात्र ते मवाळ नाहीत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एक कॉइल पूर्ण जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं दिसलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. संदीप साळवी यांच्या गटानं हाच मुद्दा वर्षानुवर्षं मांडला आहे. धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा जुनाट आजार का होतो, यावर त्यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. त्यांच्याच गटानं फटाक्यांचे कण मोजले, तेव्हा सगळ्यांत जास्त धूर निघाला तो नागगोळीचा. आवाज नाही म्हणून ती आपण लहान मुलांच्या हातात देतो, तीही बहुधा घराच्या ओट्यावर. गोदावरीत पाणवेली माजल्या की पंचवटीत डास वाढणार, त्यावर घरातला धूर हा उपाय नाही. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी हा आहे. मच्छरदाणीला आपण गरिबीची खूण कधीपासून मानू लागलो कोण जाणे.

वाड्यांबद्दल लेखकांना जिव्हाळा आहे, पण ते भाबडे नाहीत, हे मला आवडलं. चौकामुळे तापलेली हवा वर निघून जाई आणि ओसरीवर झुळूक राही, हे खरं. त्याच वाड्यातलं स्वयंपाकघर काजळीनं काळंकुट्ट असे, आणि न्हाणीतल्या बंबाला सकाळी ढलप्या घातल्या की मागची खोली धुरानं भरे, हेही तितकंच खरं. वाड्याची हवा चांगली होती ती ओसरीवर बसणाऱ्यासाठी. चुलीपुढे बसणारीची हवा निराळी होती. फ्लॅटमध्ये हा भेद मिटायला हवा होता, तो नव्या रूपात आला. स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी काचा लावून बंद होते. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी अर्धीच उघडते. न्हाणीघराची झडप ज्या डक्टमध्ये उघडते त्यात खालच्या मजल्याचा धूरही येतो. चिमणी बसवली तरी पुष्कळदा तिची नळी बाहेर काढलेली नसते, ती तेल अडवते आणि बाकीची हवा पुन्हा रांधणारीच्या तोंडावर सोडते.

याहून धोक्याचा बदल बंबाच्या जागी आला. नाशिकच्या थंडीत किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरतं आणि गरम पाण्यासाठी गॅस गीझर लागतो. तो न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल, झडप लावलेली असेल आणि माणूस निवांत अंघोळ करत असेल, तर ज्योतीला प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग पाय लुळे पडतात, आणि दाराची कडी काढायचीही ताकद राहत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आपण हळहळतो आणि गीझर जागचा हलत नाही. या एका उपकरणावरची पानं वाचून एक जरी गीझर बाहेरच्या भिंतीवर गेला, तरी छपाईचा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.

पावसाळ्याचं प्रकरण नदीकाठाला सोडून लिहिता येत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की गोदाकाठच्या घरांच्या जोत्यांना पाणी लागतं. ऑगस्ट 2016 च्या पुरानंतर पाणी ओसरलं, पण भिंतींत शिरलेली ओल नंतरही मुरून राहिली. ओल्या भिंतीवर एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि तिची बीजं दमेकऱ्याच्या छातीत जातात. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या गवतातही तीच असते. फुप्फुसाच्या ऊतींच्या आजारांची भारतभरची नोंदणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळजवळ निम्मे रुग्ण ॲलर्जीजन्य फुप्फुसदाहाचे निघाले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कूलर होता. खिडकीच्या छज्ज्यावर घरटं करणारी कबुतरं याच यादीत येतात. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला, त्यातला वैद्यकीय भाग लेखकांनी नीट वेगळा काढून दाखवला आहे.

आता मुख्य गोष्टीकडे. वरची चारही घराणी शेवटी खिडकीपाशी येतात आणि म्हणतात, उघडा. पंचवटीत खरा प्रश्न ती केव्हा उघडायची हा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची थंड हवा खाली बसते, वर उबदार थराचं झाकण पडतं, आणि शेकोट्या, पेटवलेला कचरा, महामार्गावरचे ट्रक यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. पहाटे पाचला "ताजी हवा" म्हणून खिडकी उघडणारी पिढी नेमकी दिवसातली वाईट हवा आत घेते. ऊन चढून जमीन तापली की झाकण उचललं जातं. हिवाळ्यात साधारण अकरा ते चार ही आपली वेळ. पावसाळ्यात उलट, पाऊस पडून गेल्यावरची हवा स्वच्छ असते, फक्त ओल आत येते, म्हणून पंखा जोडीला हवा. स्वयंपाकाच्या वेळी मात्र ऋतू पाहायचा नाही : फोडणीच्या आधी पंखा सुरू, जेवणं उरकेपर्यंत चालू. असं ऋतुमान आणि घड्याळ बांधून दिलेलं मार्गदर्शन मला मराठीत आधी वाचायला मिळालं नव्हतं. पुस्तकाचा पाया हाच आहे. लेखकांचा क्रमही त्यातूनच येतो : आधी धूर घरात निर्माणच होऊ द्यायचा नाही, मग झालेल्याला वाट द्यायची, आणि एवढं करून उरलं तरच यंत्र आणायचं. बाजार हा क्रम बरोबर उलटा शिकवतो.

हे पुस्तक आता येण्याला एक तातडीचं कारण आहे. 2026-27 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी चालू आहे. त्या काळात पंचवटीतलं घर हे घर राहत नाही, धर्मशाळा होतं. एका खोलीत आठ-दहा पाहुणे झोपतात, गॅस दिवसभर पेटलेला असतो, बाहेर गर्दीची धूळ उडते. त्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात वाद झाला, तो बाहेरच्या हवेचा होता. आतल्या हवेवर कुणी बोललं नाही. कायद्याच्या अंगानंही तिथे कुणी वाली नाही. सूक्ष्म कणांसाठी वर्षाची सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम हे भारताचं 2009 चं मानक आणि 5 हा आरोग्य संघटनेचा 2021 चा सल्ला. यांतलं भारताचं मानक मोकळ्या हवेसाठी आहे, उंबरठ्याशी थांबतं.

पुस्तकात काय नाही, तेही सांगितलं पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला चिमणीसाठी भिंत फोडता येत नाही, गीझर हलवायला मालकाची परवानगी लागते. गोदाघाटावर फुलं, पूजेचं साहित्य विकणारी कुटुंबं दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतात, त्यांच्या हवेत मालाचा वासही असतो. या दोघांना पुस्तकात ओझरती जागा मिळाली आहे. आणि घरातली हवा सुधारायची सगळी कामं, म्हणजे पंखा लावणं, जाळ्या धुणं, गाद्या उन्हात टाकणं, पुन्हा घरातल्या बाईच्याच वेळापत्रकात जाऊन पडतात, याची दखल लेखकांनी घेतली असली तरी पुरुष वाचकाला थेट कामाला लावलेलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते व्हावं.

वाचण्याचा क्रम आपापल्या घरावरून ठरवावा. जून-जुलैत हातात पडलं तर बुरशीपासून सुरुवात करा, घरात बाळ येणार असेल तर धुरीपासून, नवा फ्लॅट घेतला असेल तर फर्निचरपासून. काही हजारांत मिळणारा हवामापक विकत घ्यायचा मोह झाला तर आधी त्यावरची टिपणं वाचा. दमट हवेत ही स्वस्त यंत्रं कण जास्त दाखवतात आणि माणसाला उगाच घाबरवतात. आणि गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी प्लंबरला फोन करा. बाकीचं वाचायला हिवाळा पडला आहे.